पाल्याचं पीक

धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली त्या सकाळी थोरली शेतात दोरी धरून उभी होती. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला हाक मारून सांगितलं, "तुमच्या दारात गाडी थांबलीय. दोन बॅगा उतरल्यात." थोरलीनं मान हलवली, हातातली ओळ पुरी केली आणि मगच घराकडे निघाली.

तिची रीतच तशी. पेरणी असो की कुंपण, दोरी ताणल्याशिवाय ती कामाला हात लावत नसे, म्हणून लोक तिला मोजपट्टी म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. बापाची नजर गेल्यापासून जमीन तीच बघत होती. त्याच सुमाराला तिचं लग्न ठरत आलं होतं. मग ते मागे पडलं. कुणी नको म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. बाबांना हात धरून फिरवायला आणि भुईमूग काढायला घरात कुणीतरी लागणारच होतं. आई तर त्याआधीच गेली होती.

धाकटी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"मारतो का?" थोरलीनं उभ्या उभ्याच विचारलं.

"नाही."

"पितो?"

"नाही गं."

"मग झालं काय?"

"बोलत नाही." धाकटीनं कप फिरवला. "काहीतरी त्याच्या मनाविरुद्ध होतं आणि तो बोलायचा थांबतो. आठवडे जातात. जेवतो, झोपतो, दुकानात जातो, सगळं ठीक. फक्त माझ्याशी बोलत नाही. आणि मी दिवसभर शोधत बसते, माझं काय चुकलं म्हणून. शेवटी मलाच माझ्या पावलांचा आवाज नकोसा व्हायला लागला, ताई."

थोरलीला हे नीट कळलं नाही. न बोलण्याचा एवढा काय त्रास, असं तिला वाटलं. तिच्या घरात बोलणं नेहमीच बेताचं होतं. पण तिनं धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला, बॅगा मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि चादर बदलली. तोवर तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

ते आलं काही दिवसांनी, न्याहारीच्या वेळी. बाबांनी बशीवरून बोटं फिरवत कप शोधला आणि म्हणाले, "विहिरीकडचं रान धाकटीला देऊ. वरचं तुझ्याकडे राहील. तिला स्वतःचं काहीतरी हवं. उद्या मी नसलो तर ती कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

"बरं," थोरली म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण विहिरीकडचं रान म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती जमीन आधी विटेसारखी कडक होती. वर्षानुवर्षं शेणखत वाहून, वाळू मिसळून, ढेकळं फोडून तिनं ती अशी भुसभुशीत केली होती की शेंगांचं झाड दोन बोटांनी ओढलं तरी मुळासकट हातात यावं. वरचं रान मुरमाड. ते बाबांना दिसत नव्हतं म्हणावं, तर त्यांच्या पायांना कळत होतं. आणि धाकटी तर दोन बॅगा घेऊन आली होती, तीही गाडीतून. थोरलीनं त्या सकाळी दोन कप जरा जोरात धुतले, त्यातल्या एकाचा कान तुटला.

संध्याकाळी धाकटी अंगणात आली. तिनं बियाण्याचं पोतं उघडून मूठभर शेंगदाणे हातात घेतले होते. चेहऱ्यावर शाळेच्या पहिल्या दिवसासारखा भाव.

"ताई, किती अंतरावर टोकायचे?"

बियाणं उपट्या जातीचं होतं. त्याची झाडं उभी वाढतात, आखडून बसतात. त्याला दोन ओळींत फूटभर आणि दोन बियांत चार बोटं, असं अंतर लागतं. झाडं जवळजवळ असली की जमीन झाकली जाते, तणाला जागा उरत नाही, आणि प्रत्येक झाडाला शेंगा थोड्या कमी आल्या तरी रान भरून निघतं. थोरलीला हे झोपेतही सांगता आलं असतं.

"वीतभर," ती म्हणाली. "आणि ओळींत दोन फूट सोड. झाडं मोकळी ठेव, पसरतात ती."

"वीतभर," धाकटीनं आपली वीत उघडून बघितली. "माझी की तुझी?"

"कुणाचीही चालेल."

आत गेल्यावर थोरलीनं स्वतःला समजावलं की आपण काही खोटं बोललो नाही. बाबांच्या काळात पसऱ्या जातीचा भुईमूग असायचा, त्याला एवढंच मोकळं अंतर ठेवायचे. शिवाय धाकटी थोडी चुकली तर काय बिघडणार, पहिलंच वर्ष आहे, शिकेल. माणूस स्वतःशी वाद घालायला बसला की वकील आणि न्यायाधीश दोन्ही तोच असतो, त्यामुळे निकाल पटकन लागतो. थोरली त्या रात्री शांत झोपली.

धाकटीनं सगळं रान एकटीनं टोकलं. वीत लावायची, भोक पाडायचं, दाणा टाकायचा, पावलानं माती लोटायची. वरच्या रानातून थोरलीला तिचा डोक्याला बांधलेला निळा रुमाल वाकताना आणि उठताना दिसायचा. रोपं उगवली तशी मधली मोकळी जमीन तणानं हिरवी झाली. मग धाकटी खुरपं घेऊन तण काढायला लागली. एक कोपरा साफ होईपर्यंत दुसरा भरायचा. तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. थोरली तिला मलम लावून द्यायची. फोडांवर मलम लावताना तिला कळत होतं, की ही जिथे जिथे वाकते तिथे खरं म्हणजे झाड असायला हवं होतं.

कोवळी असताना झाडं फिकी पिवळी पडली. भुईमूग तसा पडतोच. मुळांवर गाठी धरल्या की तो हवेतूनच स्वतःचं नत्र मिळवतो आणि आपोआप सावरतो. पण धाकटी घाबरली.

"ताई, सगळं पिवळं दिसतंय. काय टाकू?"

थोरली तेव्हा शेळीला पाणी पाजत होती. "खतवाल्याला विचार," ती म्हणाली. "त्याचा धंदाच आहे तो."

खतवाला वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या दुकानात कुणी 'पिवळं' म्हटलं की त्याचा हात आपसूक युरियाच्या थप्पीकडे जायचा. कुठलं पीक, कुठली जमीन, हे विचारायला त्याला सवड नसायची. धाकटीनं युरिया टाकला. आठ-दहा दिवसांत रानाचा रंग पालटला, म्हणून तिनं पुन्हा टाकला. झाडं अशी माजली की विचारू नका. काळपट हिरवी पानं, गुडघ्याला लागणारा पाला. त्यांच्यापुढे वरच्या रानातली थोरलीची झाडं अगदीच बापुडवाणी दिसायची.

रस्त्यानं जाणारे थांबायला लागले. ट्रॅक्टरवाला तर मुद्दाम उतरून म्हणाला, "काय मोजपट्टी, बहिणीनं मागे टाकलं की तुम्हाला."

"टाकू दे की," थोरली हसली. "घरातच आहे."

तिला त्या हसण्याची नंतर फार लाज वाटली. कारण त्या क्षणी तिला खरोखरच बरं वाटलं होतं. हे सगळे लोक पाला बघताहेत, आणि खाली काय आहे ते फक्त आपल्याला ठाऊक आहे, या विचारानं तिला आतून एक गुदगुली झाली होती. नत्रावर माजलेलं झाड शेंगा धरायला आळस करतं. ते तिला दिसत होतं आणि तिनं मिठाची गुळणी धरली होती.

पिवळी फुलं लागली. भुईमुगाची गंमत अशी की फूल वर लागतं आणि शेंग खाली धरते. फूल सुकलं की त्याच्या देठाशी एक टोकदार दांडी फुटते, तिला आरी म्हणतात. ती आरी खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. त्या वेळेला झाडांच्या बुडाशी माती चढवावी लागते आणि जिप्समची पांढरी, चुनायुक्त भुकटी टाकावी लागते. शेंगेला तिचा चुना मातीतूनच मिळतो. तो नसला तर टरफल मोठं होतं आणि आत दाणा भरत नाही. आणि एकदा आऱ्या सुटल्या की खुरपं बाजूला ठेवायचं असतं, नाहीतर त्या तुटतात.

थोरली आपल्या रानात ओळीनं जिप्सम टाकत होती. धाकटी बांधापाशी येऊन उभी राहिली. हातात खुरपं होतं.

"ते पांढरं काय गं?"

"किडीसाठी आहे," थोरली म्हणाली.

"माझ्याकडे कीड नाहीये ना?"

"नाही. तुझी झाडं चांगली दणकट आहेत."

धाकटी खूश होऊन परत गेली आणि खाली बसून ओळीच्या मधलं तण काढायला लागली. थोरली हातातल्या टोपलीकडे बघत राहिली. वीतभर अंतराचं समर्थन करता आलं होतं. दुकानात पाठवलं, त्याचंही करता आलं होतं. हे मात्र साधं, सरळ खोटं होतं. ती ते परत घेऊ शकत होती. बांध ओलांडायला किती वेळ लागतो. पण आता सांगायचं तर आधीचंही सांगावं लागणार होतं, आणि तिचे पाय उचलले नाहीत.

त्यानंतरचे दिवस तिला कठीण गेले. खाल्लेलं अंगी लागेना. ती जेवताना धाकटीच्या बोटांकडे बघत नसे. एकदा तिनं मनाशी ठरवलंच. गोदामातलं उरलेलं जिप्समचं पोतं हातगाडीवर टाकलं आणि विहिरीकडे निघाली. आऱ्या अजून मातीत शिरत होत्या. निम्मं पीक वाचलं असतं.

बांधाजवळ पोचली तर धाकटीनं बाबांना रानात आणलं होतं. त्यांचा हात धरून ती त्यांना ओळीतून फिरवत होती. बाबा वाकून पानांवरून तळहात फिरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू थोरलीनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

"काय जोर धरलाय," बाबा म्हणत होते. "माझ्या पोरीच्या हाताला गुण आहे."

थोरली जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत तिच्या पिकाला त्यांनी कधी हात लावून बघितला नव्हता. विचारायचे, "झालं का काढून?" ती म्हणायची, "झालं." संपलं.

चाकांचा आवाज ऐकून बाबांनी मान वळवली. "कोण, थोरली का? ये. पाला फार माजलाय असं नाही ना वाटत तुला? आऱ्या सुटल्यात का?"

"आऱ्या म्हणजे काय, बाबा?" धाकटीनं विचारलं.

"ताई दाखवेल तुला. दाखव गं तिला."

"दाखवते," थोरली म्हणाली, आणि हातगाडी तशीच वळवून घरी घेऊन गेली. वाटेत ती स्वतःला सांगत होती की उद्या दाखवू. उद्या आला आणि गेला. मग आणखी एक. मग अशी वेळ आली की दाखवून काही उपयोग नव्हता, आणि तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. नंतर त्या सुटल्यासारख्या वाटण्याचीच तिला घृणा आली.

काढणीच्या दिवशी धाकटीनं दोघांनाही बोलावलं. बाबांसाठी खुर्ची नेली. पहिलं झाड तिनं दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि ओढलं. एवढा थोरला पाला, आणि खाली चार शेंगा. तिला वाटलं अर्ध्या मातीत राहिल्या. तिनं हातानं माती उकरली. काही नव्हतं. तिनं एक शेंग चेपली, ती पापडासारखी फुटली. आत सुरकुतलेला एक तांबूस ठिपका. दुसरी चेपली, तीही पोचट. मग ती पुढच्या झाडाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. वेगवेगळ्या ओळींतून ती झाडं उपटत राहिली, आणि बाबा खुर्चीवरून विचारत राहिले, "कशी आहे? कशी आहे गं?"

"होतं असं एखाद्या वर्षी," थोरली म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"तुझी कशी आली?" धाकटीनं विचारलं.

"बरी आहे."

धाकटी मातीत बसली. ती रडली नाही. उपटलेली झाडं तिनं एकावर एक नीट रचली, मुळं एका बाजूला, पाला एका बाजूला. "माझ्याच हाताला गुण नाही ताई," ती म्हणाली. "घर जमलं नाही, माणूस जमला नाही. जमीन तर कुणाशी भांडत नाही, तिलाही मी जमले नाही."

बाबांनी एक शेंग मागून घेतली, बोटांत फिरवली, कानाशी नेऊन हलवली आणि मांडीवर ठेवली.

अंगणात थोरलीच्या शेंगांचा ढीग पडला. त्या वाळत घालायच्या, रोज हलवायच्या. हलवताना भरलेल्या शेंगांचा जो खुळखुळाट होतो, तो ऐकून तिला एरवी समाधान वाटायचं. आता तो आवाज नको म्हणून धाकटी घरात नसताना ती त्या हलवायची. तिनं त्या वर्षी नवीन शेंग तोंडात टाकली नाही. शेजारणीनं मूठभर उकडून आणून दिल्या, त्या तिनं शेळीला घातल्या.

आणि मग धाकटीनं नवऱ्याला फोन केला. थोरली भांडी पुसत होती, तिला पलीकडून सगळं ऐकू आलं. "हो. ये. रविवारी ये. नाही, काही अटी नाहीत माझ्या."

थोरली दारात जाऊन उभी राहिली. धाकटी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जातेस?"

"जाते. तो काही वाईट नाहीये. बोलत नाही एवढंच. तू बोलतेस आणि तरी बघ, मला काही जमलं का? चूक माझ्यातच आहे, ताई. ती तिथेही असेल, इथेही असेल. मग तिथेच काय वाईट?"

आता सांग, असं थोरली स्वतःला म्हणाली. तोंड उघडलं, आणि "स्वेटर घेतलास का?" एवढंच बाहेर आलं.

रविवारी नवरा आला. फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलला. बॅगा त्यानंच उचलून ठेवल्या. धाकटी बाबांच्या गळ्यात पडली आणि थोरलीकडे वळली. थोरलीनं तिचे हात धरले. तळहातावर अजून घट्टे होते. ते बोटांना लागले आणि मग तिला थांबता आलं नाही.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

"असू दे गं ताई."

"ऐक. मी तुला अंतर चुकीचं सांगितलं. चार बोटं ठेवायला हवं होतं, मी वीतभर सांगितलं. मला माहीत होतं. युरिया नको होता, तेही माहीत होतं. आणि ते पांढरं किडीसाठी नव्हतं. ते शेंगेसाठी होतं. तुझ्या शेंगा पोचट निघाल्या त्या त्याच्यावाचून. आऱ्या तुटत होत्या तुझ्या खुरप्यानं, मी वरून बघत होते. मी बोलले नाही."

नवऱ्यानं टेम्पोचं मागचं फळकूट लावलं आणि म्हणाला, "त्यात काय एवढं. झालं ते झालं. शेंगाच तर होत्या. चल, बस."

धाकटी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती थोरलीकडे बघत होती, जणू तिचा चेहरा पहिल्यांदाच दिसत होता.

"का?" तिनं विचारलं.

"ते रान मी केलं होतं."

"मग मला सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी. मी परत दिलं असतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्याच्या घरात मी हेच करत होते ताई. त्याला माहीत असायचं काय झालंय, आणि मी शोधत बसायचे. मी ते सोडून तुझ्याकडे आले होते."

तिनं हात सोडवून घेतले आणि टेम्पोत जाऊन बसली. टेम्पो गेला. थोरली वाळत घातलेल्या शेंगांच्या मधोमध उभी राहिली.

बाबा ओट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्यांनी काठीनं फरशीवर टकटक केलं, ती त्यांची बोलावण्याची खूण.

"रान द्यायच्या आधी तुला विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली.

"तुझ्या कष्टाचं होतं ते. मला कळत होतं. तू काही म्हणाली नाहीस, म्हणून मी सोयीस्कर समजून घेतलं." थोरलीला वाटलं आता ते तिला जवळ घेतील. "पण ते वेगळं आणि हे वेगळं," बाबा म्हणाले. "माझ्या चुकीनं तुझी धुतली जात नाही."

"नाही जात," ती म्हणाली, आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

उन्हाळाभर तिनं विहिरीकडच्या रानात काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं. उरलेला पाला गाडला, शेणखत टाकलं, ढेकळं फोडली. पण पेरणी करायची नाही हे तिनं ठरवलं होतं, कारण ते रान तिचं नव्हतं. धाकटीला तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती तुटक बोलली, बाबांची चौकशी करून फोन ठेवून दिला. बहिणीनं न बोलणं काय असतं हे थोरलीला तेव्हा कळायला लागलं. घरभर फिरताना तिला स्वतःच्याच चपलांचा आवाज यायचा.

पेरणीच्या तोंडावर धाकटी परत आली. या वेळी बसनं, आणि एकच बॅग.

"पुन्हा बोलायचा थांबला?" थोरलीनं दारातच विचारलं.

"महिना झाला. मी पडद्यांचा रंग बदलला म्हणून." तिनं बॅग खाली ठेवली. "या वेळी मी शोधत नाही बसले माझं काय चुकलं ते. तू सांगितलंस ना, तेव्हापासून डोक्यात राहिलं होतं, की कधीकधी आपलं काही चुकलेलं नसतं. उशिरा का होईना, तू सांगितलंस. त्यानं कधीच सांगितलं नसतं." मग तिनं बहिणीकडे सरळ बघितलं. "मी रानासाठी आलेय. तुझ्यासाठी नाही."

"ठीक आहे," थोरली म्हणाली.

धाकटीनं सुरुवातीला तिला विचारलं नाही. ती शेतकी कार्यालयात गेली, खतवाल्याकडे गेली, ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोकडे गेली. खतवाल्याला तिनं अर्धा तास उभं करून ठेवलं आणि पोत्यावरचं सगळं वाचून दाखवायला लावलं. तो नंतर लोकांना सांगत सुटला की या घरात आता दोन मोजपट्ट्या झाल्यात. सगळीकडे विचारून झाल्यावर एका संध्याकाळी ती थोरलीसमोर येऊन बसली.

"आता तू सांग. किती अंतर?"

"ओळींत फूटभर. दोन बियांत चार बोटं."

"खत?"

"पेरताना सुपर फॉस्फेट, शेणखत आहेच. पिवळी पडली तरी घाबरू नकोस, झाड उपटून मुळांवरच्या गाठी बघ. गाठ फोडून आत लाल दिसली की समज ती कामाला लागलीय. युरिया नको. आऱ्या सुटायच्या वेळी माती चढव, जिप्सम टाक, मग खुरपं घरात ठेव."

धाकटी ऐकत होती आणि मनातल्या मनात इतरांनी सांगितलेल्याशी ताडून बघत होती, हे तिच्या डोळ्यांवरून स्पष्ट दिसत होतं. थोरलीला ते लागलं. पण लागणारच, असं ती स्वतःला म्हणाली.

पीक बरं आलं. फार थोर नाही, बरं. वाढायच्या दिवसांत पाऊस जरा कमी पडला होता. पण झाडांखाली शेंगांचे घोस होते आणि दाणा भरलेला होता. बाबांना खुर्चीवर बसवून धाकटीनं त्यांच्या मांडीवर अख्खं झाड ठेवलं. त्यांनी शेंगा चाचपल्या, एक फोडून खाल्ली, आणि मग मान वळवून म्हणाले, "थोरली कुठंय? तिच्या रानातलंही एक आणा. मला तेही बघायचंय." थोरली ते आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही, कारण वरच्या रानात तिला एकटीला बसून थोडं रडायचं होतं.

बहिणी आता बोलतात. बाजाराचं, बाबांच्या औषधांचं, विहिरीच्या मोटारीचं. कधी हसतातही. पण धाकटी तिला काही विचारते तेव्हा तिची नजर क्षणभर थबकते, आणि थोरली त्या थबकण्याची वाट बघायला शिकली आहे. परवा धाकटीनं बांधावरून विचारलं, "उद्या पाणी देऊ का, की अजून ओल आहे?"

"दोन दिवस थांब," थोरली म्हणाली. "आणि ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोलाही विचारून घे."

"विचारलंय आधीच," धाकटी म्हणाली. "तीही दोनच म्हणाली."

थोरलीनं मान हलवली आणि आपल्या ओळीकडे वळली.